पादरीच्या कलमा

सौंसर सोडून बोरगावच्या रस्त्याला लागलं, की डाव्या हाताला निळ्या फाटकाची एक नर्सरी दिसते. फाटकावर पाटी नाही. एकदा होती, ती वादळात पडली आणि परत लावायची गरज भासली नाही. पार पांढुर्ण्यापर्यंतच्या टापूत ज्याला संत्र्याचा नवा बगीचा लावायचा असे, तो नर्सरीचं नाव विचारत नसे. "पादरीकडून कलमा आनून राहिलो," एवढं सांगितलं की पुरे होई.

पादरी म्हणजे प्रफुल्ल. खरं तर तो कोणी पादरी नव्हता. त्याचे वडील मिशनच्या आवारात माळी होते. जंबेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, रोपावर संत्र्याचा डोळा बांधला, की त्याची कलम होते. हे काम ते तिथंच शिकले, पुढे त्यांनी स्वतःची नर्सरी काढली आणि ती मुलाच्या हाती दिली. नर्सरीबरोबर दोन नियमही दिले. डोळा जमिनीपासून वीतभर वर बांधायचा. आणि रविवारी चाकू उचलायचा नाही.

पहिला नियम ऐकायला साधा, पाळायला महाग. रोप कोवळं असतानाच मातीलगत डोळा बांधून टाकला, की कलम लवकर तयार होते, उंच दिसते, आणि गिऱ्हाईक नेमकं उंच कलमेवर हात ठेवतं. पण तिचा सांधा मातीला टेकतो आणि ऐन फळावर आलेल्या झाडाच्या बुंध्यातून डिंक गळायला लागतो. तोवर चारपाच वर्षं गेलेली असतात. कलम कुठून आणली होती, हेही लोक विसरलेले असतात. ज्याला लबाडी करायची आहे, त्याला एवढी मोकळी जागा दुसऱ्या धंद्यात सापडायची नाही. प्रफुल्लच्या कलमा ठेंगण्या दिसत, आणि ठेंगण्या का, ते तो प्रत्येकाला उकिडवा बसून, बोटानं दाखवून सांगत असे.

दुसऱ्या नियमाची झळ पावसाळ्यात लागे. वर्षाची सगळी विक्री त्याच काही आठवड्यांत, आणि त्यातले सगळे रविवार फाटकाला कुलूप. ट्रॅक्टर घेऊन आलेली माणसं हाका मारत आणि शेवटी पुढच्या वळणावर गजाननच्या नर्सरीत शिरत. सोमवारी गजानन स्वतः येऊन आभार मानी.

"पादरी, तुया देवाचे लय उपकार हायेत बावा माह्यावर. तो तुले घरी बसवते अन् माह्या पोट्ट्यायच्या फिया भरते."

"मग एखाद्या रविवारी येऊन त्याले हात तरी जोड."

"येतो ना! पन गिऱ्हाईकच सोडत नाई."

तरी प्रफुल्लचं बरं चाललं होतं. बरंच चाललं होतं. इतरांपेक्षा भाव थोडा चढा असूनही लोक त्याच्याकडेच येत, आधी सांगून ठेवत. चर्चच्या मंडळीत घरं मोजकीच. महिन्यातून दोनदा छिंदवाड्याहून पाळकसाहेब येऊन उपासना घेत. त्या छोट्या चर्चवरचे नवे पत्रे बहुतेक प्रफुल्लच्या दशांशातून, कमाईच्या दहाव्या हिश्श्यातून, आलेले. त्याची बायको सुचिता तोंडाची स्पष्ट होती. ती एकदा म्हणाली, "तुमचा खरेपनाबी आपल्या इथं भावानंच विकल्या जाते." तो हसला, पण ते वाक्य त्याला कुसासारखं टोचलं. सरळ वागणं आणि नफा देवानंच एका दाव्याला बांधून दिलेत, असं त्यानं मनात धरलं होतं. बरीच वर्षं ते दोघं बरोबर चाललेही.

मग मागणी एवढी वाढली, की घरच्या वाफ्यातली जंबेरीची रोपं पुरेनात. चार वर्षांपूर्वी त्यानं पहिल्यांदा बाहेरून रोपं विकत आणली. डोळा तोच बांधी, उंचीही तीच ठेवी. फक्त खालचं मूळ दुसऱ्याच्या मातीत वाढलेलं. हे त्यानं गिऱ्हाइकांना सांगितलं नाही. कुणी विचारलंच नाही.

पांढुर्णा जिल्हा झाला, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. मे संपत आला होता. कडेच्या वाफ्यातल्या कलमांची पानं त्याला निस्तेज वाटली. त्यानं एक पिशवी फाडली, मुळं बादलीत धुतली आणि चिमटीत धरून बोट ओढलं. मुळाची साल ओल्या बाहीसारखी सरकन निघून आली. आत नुसता दोरा उरला. दुसरी पिशवी फाडली, तिसरी फाडली. त्यानं नमुने नागपूरला तपासायला पाठवले. निकाल आला, मूळकूज. जवळजवळ सगळ्या वाफ्यांत.

वरून बघणाऱ्याला काही कळलं नसतं. कलमा हिरव्याच होत्या.

गजाननला वास लागलाच. तो आला आणि फळांचा एक रिकामा क्रेट उलटा करून त्यावर बसला.

"औषध पाज. पंधरा दिवसांत पानं कसे चमकतेत पाहाय. नेतेत लोकं."

"अन् पाच वर्षांनं?"

"पाच वर्षांनं ते म्हनतील पानी जास्त झालं, खत कमी पडलं, नशीबच खोटं. तुयं नाव कोनी नाई घेत. दुसऱ्याचं घेतीन, तुयं बिल्कुल नाई घेत. तू पादरी ना बे!"

गजानन जरा वेळानं हळू आवाजात म्हणाला, "सगळ्यायच्या इथं थोडंबहुत हायेच. माह्या इथं नसन काय? मी पाहातच नाई. पाहिलं तं दिसते."

त्या रविवारी उपासनेनंतर प्रफुल्लनं पाळकसाहेबांना गाठलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. माणूस भला होता, पण समोरच्या भिंतीवरची ओल त्यांच्या नजरेतून सुटत नव्हती आणि ती कोणाच्या दशांशातून दुरुस्त होणार हेही त्यांना ठाऊक होतं. "प्रार्थना करा, प्रफुल्लभाऊ," ते म्हणाले. "घाईत काही ठरवू नका. प्रभू मार्ग दाखवील." त्यावर प्रफुल्लला एवढंच कळलं, की हा मार्ग त्याला एकट्यालाच चालायचा आहे.

कलमा जाळायच्या हे त्यानं घरी येऊन सुचिताला सांगितलं. वाद होईल अशी तयारी करूनच तो आला होता. पण ती म्हणाली, "जाळा. विकसान तं मीच हात धरीन तुमचा. पन मांगच्या धुऱ्यावर जाळा. लोकायले सांगा, यंदा कलमा साधल्या नाई."

"ते खोटं होईन."

"खोटं कायचं? गप राहनं होय ते."

"चार वर्षं गपच राहिलो, सुचिता. मूळ कोनाचं होतं ते कोनाले नाई सांगितलं. आता नाई."

"तुमाले लोकायनं पाहावं असं वाटून राहिलं," ती म्हणाली. "तेबी हाय त्याच्यात."

ते होतं. अगदी नव्हतं असं त्यालाही म्हणता आलं नाही. पण त्यानं फाटकासमोर, रस्त्याच्या कडेलाच ढीग घातला. कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाटीचे भारे खाली रचले, वर कलमा. हिरवं लवकर पेटत नव्हतं, नुसता धूर होत होता. नागपूरची बस वेग कमी करून गेली. मोटरसायकली थांबल्या. जो जो विचारी त्याला प्रफुल्ल सांगे, "मुळाले रोग होता. विकाच्या लायक नव्हत्या." ज्यांनी आगाऊ पैसे दिले होते, त्यांना बोलावून त्यानं ते परत केले. सगळं उरकलं तेव्हा त्याच्या भुवयांवर राख बसली होती, आणि कितीतरी दिवसांनी त्याला हलकं वाटत होतं.

ते हलकेपण टिकलं नाही. लोकांनी धूर पाहिला आणि त्याचा अर्थ आपापल्या परीनं लावला. पादरीच्या नर्सरीत रोग निघाला, एवढं पहिल्या दिवशी. पादरीला स्वतःच्या हातानं सगळं जाळावं लागलं म्हणजे किती पसरला असेल, हे दुसऱ्या दिवशी. आणि आठवडा उलटायच्या आत बाजारात एकच प्रश्न होता. मग मागच्या वर्षीच्या कशा होत्या? त्याच्या आधीच्या? आजवर जी माणसं विचारायची नाहीत, ती आता फाटकाशी येऊन विचारू लागली. प्रफुल्ल प्रत्येकाकडून मुळं मागवून नागपूरला पाठवत होता. बहुतेकांचे बगीचे जुने आणि भर फळावर होते. ते शिव्या देत, पण निकालासाठी थांबत होते.

भिवाजीचं तसं नव्हतं.

भिवाजी पांढुर्ण्याकडचा. सत्तरीला टेकलेला, बोलायला हळू, आणि कलमा निवडताना कधी वाफ्याकडे पाहायचाही नाही. "तू काढून दे," म्हणायचा आणि सुचिताच्या हातचा चहा पीत बसायचा. वडील गेल्यावर नवख्या प्रफुल्लकडून बगीच्याच्या पहिल्या कलमा त्यानंच नेल्या होत्या. चार वर्षांपूर्वी त्यानं आणखी एक वावर संत्र्याखाली आणलं. यंदा त्या झाडांवर पहिल्यांदा आंबिया, म्हणजे हिवाळ्याअखेरचा, बहार धरला होता. बायको देवकाबाई रोज जाऊन फळं पाहून येई. मुलगा वीरेंद्र मात्र पहिल्यापासून कुरकुरत होता. कपाशी घातली असती तर चार पिकं निघाली असती, हे त्याचं पालुपद.

वीरेंद्रच्या मोटरसायकलवर मागे बसून भिवाजी आला आणि प्रफुल्लला घेऊन गेला. वावराच्या सखल बाजूला काही झाडं पिवळी पडली होती. तिथं दरवर्षी पाणी साचे. प्रफुल्लनं दोनतीन झाडांखाली खुरप्यानं उकरलं. मुळं बरी दिसली. एकदोन तपकिरी होती. अशी एकदोन कुठल्याही झाडाला निघतात.

"सांग आता," भिवाजी म्हणाला.

"डोयाले तं चांगली दिसून राहिली, भाऊ. पन मी घेऊन जातो तपासाले. आठदहा दिवसांत..."

"तपासनं राहू दे. तू सांग. झाडं चांगले हायेत ना? नुसता हो म्हन."

एक 'हो' हवा होता. प्रफुल्ल उकिडवाच बसून राहिला. ही झाडं त्याच वर्षीची होती, बाहेरची रोपं पहिल्यांदा आणली त्या वर्षीची. त्यानं 'हो' म्हटलं असतं तर भिवाजी घरी जाऊन जेवला असता, गावाला सांगितलं असतं, आणि पादरीचं नावही कदाचित तिथूनच सावरलं असतं. त्यालाही ते दिसत होतं. म्हणूनच तो शब्द त्याच्या तोंडून निघेना. स्वतःच्या फायद्याचा 'हो' त्याला संशयास्पद वाटला.

"यायचं मूळ माह्या वाफ्यातलं नाई, भाऊ," तो शेवटी म्हणाला. "बाहेरून आनलं होतं. मी खात्री नाई देऊ शकत."

"बाहेरून? तू तं कधी बोल्ला नाई."

"तुमी इचारलं नाई." शब्द बाहेर पडले आणि त्याचे कान तापले.

वीरेंद्र झाडाला टेकून उभा होता. "आयकलं ना बाबा? आता तं त्याच्याच तोंडून आयकलं."

"दहा दिवस थांबा," प्रफुल्ल म्हणाला. "दहाच."

"दहा दिवस वावरात ओल कोन धरून ठेवन? तुमचा देव?" वीरेंद्र म्हणाला. "सरकी कवा टोबू मी?"

भिवाजीनं एका झाडाच्या बुंध्यावर हात फिरवला, गुरांच्या पाठीवरून फिरवतात तसा.

नागपूरहून फोन आला तेव्हा प्रफुल्ल ओसरीवर होता आणि सुचिता तूर निवडत होती. भिवाजीच्या मुळांत काही नव्हतं. एकदम स्वच्छ. पिवळेपणा साचलेल्या पाण्याचा, चर काढला की जाईल. सुचितानं हातातलं सूप खाली ठेवलं आणि बऱ्याच दिवसांनी ती हसली. फोन करून सांगण्याऐवजी प्रफुल्लनं गाडीच काढली. ही गोष्ट त्याला समोर उभं राहून सांगायची होती.

वळणावरून वावर दिसलं, आणि त्याला आधी वाटलं आपण चुकून दुसऱ्याच रस्त्यानं आलो. जेसीबी आदल्याच दिवशी येऊन गेला होता. झाडं ओळीनं आडवी पडली होती, मुळं आभाळाकडे. लांबच्या टोकाला वीरेंद्रचा ट्रॅक्टर चालू होता. देवकाबाई पडलेल्या झाडांमधून वाकून हिरवी, लिंबाएवढी फळं तोडून पदरात टाकत होती. त्या फळांचा काही उपयोग नव्हता, हे तिला कळत नव्हतं असं नाही.

भिवाजी वावराच्या धुऱ्यावर, बांधावर बसला होता. प्रफुल्ल त्याच्याशेजारी जाऊन बसला. हाताशीच एका झाडाचा मुळांचा जुडगा होता. त्यानं एक मूळ तोडलं, चिमटीत धरून बोट ओढलं. साल हलली नाही. नखानं खरवडलं. आत पांढरं, ओलं, निरोगी.

"आला काय निकाल?" भिवाजीनं विचारलं. तो प्रफुल्लकडे पाहत नव्हता.

"आला."

"वीरेंद्र तं म्हनतच होता. पन हो मी म्हनलो. मशीनवाल्याले मी सांगितलं, लाव म्हनून. पोट्ट्याचा दोष नाई." तो थांबला. "रातभर पाहून राहिलो मी, बरोबर केलं का चूक. तू सांग. तुया बोलन्यावर माहा भरवसा हाय. अजूनबी हाय."

देवकाबाई वाकल्या जागी थांबली होती आणि इकडेच पाहत होती.

प्रफुल्लच्या तोंडात खरं उत्तर तयार होतं. ते सांगायला तर तो आला होता. त्या उत्तरात त्याची नर्सरी होती, नाव होतं, पुढचं वर्ष होतं. समोर म्हातारा होता, ज्यानं आपल्या हातानं चांगला बगीचा पाडला होता.

"कुजलेच होते, भाऊ," तो म्हणाला. "आतून. बरं केलं तुमी."

भिवाजीनं मोठा श्वास सोडला. "मी म्हनलं नव्हतं?" देवकाबाई म्हणाली, कोणाला ते कळलं नाही, आणि तिनं पदरातली फळं खाली ओतली. प्रफुल्लनं हातातलं मूळ मातीत दाबलं आणि वरून ढेकूळ ठेवलं.

भिवाजी उपकार विसरणारा माणूस नव्हता. पारावर, पांढुर्ण्याच्या बाजारात, लग्नाच्या पंगतीत, जिथं विषय निघाला तिथं त्यानं प्रफुल्लची बाजू घेतली. "बिचाऱ्यानं लपवलं नाई. तोंडावर सांगितलं, कुजले होते म्हनून." या एका वाक्यानं जे उरलं होतं तेही गेलं. बाकीच्या सगळ्यांचे निकाल स्वच्छ आले, त्यांचे बगीचे उभे राहिले. उपटला तो एकट्या भिवाजीनंच. पण नवी कलम न्यायला निळ्या फाटकाशी कोणी थांबलं नाही. दिवाळीपर्यंत वाफ्यांत गाजरगवत उभं राहिलं.

सौंसरच्या बाजारात देवकाबाईनं सुचिताला हाक मारली आणि तिच्या पिशवीत बळेच वांगी भरली. "बाई, तुह्या मालकानं खरं सांगितलं म्हनून सुटलो. नाई तं कुजल्या झाडायले पानी पाजत राहिलो असतो."

सुचिता घरी आली. वांगी ओट्यावर ठेवून बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिली. मग ओसरीवर येऊन म्हणाली, "नागपूरचा फोन आला तवा मी इथंच होती."

त्यानं फाटकाकडे मान वळवली.

"जन्मात एक खोटं बोल्ले," ती म्हणाली, "तेबी आपल्याच पोटावर."

"त्याचं तोंड तू पाहिलं नाई."

"नाई पाहिलं. तुमचं रोज पाहून राहिली." ती आत गेली. संध्याकाळी तिनं त्याच वांग्यांची भाजी केली. दोघांनी ती खाल्ली, पण कोणी कोणाला वाढू का म्हणून विचारलं नाही.

उपासनेत पापांगीकाराची प्रार्थना होते तेव्हा प्रफुल्ल इतरांबरोबर मान खाली घालतो. त्या खोट्याची माफी मागावी तर ते परत घ्यावं लागेल, आणि ते परत घ्यायला त्याला भिवाजीकडे जावं लागेल. तो नुसती मान घालून उभा राहतो. भिंतीवरची ओल आता पत्र्यापर्यंत गेली आहे.

हिवाळ्यात डोळे बांधायचा हंगाम आला, तसा गजानन आपणहून घरी आला. त्या दिवशी त्यानं थट्टा केली नाही. "माह्या इथं ये," म्हणाला, "हात तं तुयेच हायेत ना. फक्त मांगच्या बाजूनं बस, बावा. समोर गिऱ्हाईक येते."

तेव्हापासून प्रफुल्ल गजाननच्या नर्सरीत मागच्या शेडमध्ये बसतो. पहिल्या दिवशी गजानननं त्याचा एक वाफा पाहिला. सगळे डोळे वीतभर वर. "खाली बांध ना लेका, लवकर निघतेत," तो म्हणाला. प्रफुल्लनं मान हलवली नाही, हातही बदलला नाही. गजानन थोडा वेळ उभा राहिला. "बरं, बांध तुया मनानं. विकाचं तं माह्याच नावानं हाय."

रविवारी तो तिथंही जात नाही. त्या दिवशी उपासनेला निघताना तो निळ्या फाटकाला कुलूप लावतो. आत गाजरगवत सोडून काही नसतं.

परवा पुढच्या पावसाळ्यासाठी कलमा सांगून ठेवायला पांढुर्ण्याकडचे दोघं आले होते. शेडच्या हिरव्या जाळीपलीकडे त्यांचं बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं. हे वाफे बरे दिसतात, डोळा चांगला उंच बांधलाय, असं एक म्हणाला. दुसऱ्यानं विचारलं, "काऊन जी, ह्या पादरीच्या इथल्या कलमा तं नाई ना?"

"नाव नोका घेऊ त्याचं," गजानन म्हणाला. "घरच्या हायेत."

प्रफुल्लनं पट्टीची गाठ ओढली, चाकू पुसला आणि पुढचं रोप जवळ घेतलं.